कामगाराचे शिक्षण कोणत्या रकान्यात?

कारखान्यात नवे यंत्र आले की हिशेबाच्या वहीत त्याची नोंद मालमत्ता म्हणून होते. दरवर्षी त्याचा घसारा काढला जातो, विमा उतरवला जातो आणि ते किती वर्षांत आपली किंमत फेडील याचा अंदाज संचालकांपुढे ठेवला जातो. त्याच यंत्रावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला मोजपट्टीवरील दशांश वाचायला, तक्त्यावरील सूचना समजून घ्यायला आणि बिघाड झाल्यास तो चार ओळींत लिहून कळवायला शिकवले, तर ती रक्कम मात्र त्या वर्षाच्या खर्चात टाकून वही मिटवली जाते. हिशेबशास्त्राच्या दृष्टीने यात चूक नाही. यंत्र मालकाच्या ताब्यात असते. कामगाराचे ज्ञान संध्याकाळी त्याच्याबरोबरच फाटकाबाहेर जाते, आणि जे ताब्यात नाही त्याला मालमत्ता म्हणू नये असा हिशेबाच्या मानकांचा दंडक आहे. परंतु या दंडकाचा परिणाम असा होतो की शिक्षणाचा खर्च रुपयांत दिसतो आणि त्याचा लाभ कोठेच दिसत नाही. साहजिकच मंदीची चाहूल लागताच पहिली कात्री याच रकमेला लागते.

वस्तुतः हा लाभ मोजता येतो काय, आणि येत असल्यास तो कसा मोजावा, हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नाही. शासन आज कौशल्यविकासावर मोठा सार्वजनिक पैसा खर्च करीत आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. २०१६ च्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेने उमेदवाराच्या विद्यावेतनातील चौथा हिस्सा, १५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकारने उचलण्याचे मान्य केले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना आणून शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ आणि दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवले. अशा योजनांचे यश किती उमेदवार दाखल झाले आणि किती प्रमाणपत्रे वाटली यावरून सांगण्याचा मोह शासनयंत्रणेला नेहमीच होतो. शिकलेल्या माणसाच्या कामात काय फरक पडला हा प्रश्न मात्र या आकड्यांनी सुटत नाही.

पायाभूत कौशल्य म्हणजे काय?

येथे ज्या शिक्षणाचा विचार करावयाचा आहे ते कातारीकाम किंवा वेल्डिंग शिकवण्याचे नव्हे. त्याच्याही तळाशी असलेले वाचन, लेखन, साधे गणित आणि सहकाऱ्याशी व पर्यवेक्षकाशी नीट बोलता येणे, एवढेच येथे अभिप्रेत आहे. हे सर्व शाळेतच व्हायला हवे होते, असे कोणी म्हणेल. व्हायला हवे होते हे खरे. झालेले नाही हेही तितकेच खरे. ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची ‘असर’ या पाहणीने २०२३ साली चाचणी घेतली, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पुस्तकातील उतारा स्वभाषेत सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिकांना जमले नाही. हीच मुले उद्या, किंबहुना आजच, औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांच्या दाराशी उभी आहेत.

ही उणीव केवळ गरीब देशांची नाही. अमेरिकेतील मोटोरोला कंपनीने १९८०च्या दशकात आपल्या एका कारखान्यातील कामगारांची परीक्षा घेतली. शंभराचे दहा म्हणजे किती टक्के, इतके साधे प्रश्न त्या परीक्षेत होते आणि तीत अवघे ४० टक्के कामगार उत्तीर्ण झाले, असे त्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागाचे प्रमुख विल्यम विगनहॉर्न यांनी १९९० साली लिहून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये १९९९ च्या मोझर समितीने पाचांतील एका प्रौढाचे वाचन-गणित व्यवहाराला अपुरे असल्याचे सांगितले आणि तेथील शासनाला २००१ साली त्यासाठी राष्ट्रीय योजना हाती घ्यावी लागली.

या उणिवेची किंमत कारखाना रोज मोजत असतो. फक्त ती निराळ्या नावांनी मोजतो. चुकीच्या मापाने कापलेले कापड ‘नासाडी’ म्हणून लिहिले जाते, परत आलेला माल ‘नापास’ म्हणून आणि एकच सूचना तीनदा समजावून सांगण्यात गेलेला पर्यवेक्षकाचा वेळ तर कोठेच लिहिला जात नाही. रसायनाच्या पिंपावरील इशारा न वाचल्यामुळे झालेला अपघात ‘निष्काळजीपणा’ या सदरात जातो.

समाधानपत्रकाची मर्यादा

प्रशिक्षणाचे मूल्यमापन कसे करावे याची एक सोपी शिडी अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली मांडली. शिकणाऱ्याला वर्ग आवडला काय, ही पहिली पायरी. तो काही शिकला काय, ही दुसरी. शिकलेले तो कामात वापरतो काय, ही तिसरी. आणि त्यामुळे संस्थेच्या कामगिरीत फरक पडला काय, ही चौथी. पुढे जॅक फिलिप्स यांनी खर्चाच्या तुलनेत परतावा किती, ही पाचवी पायरी जोडली.

ही शिडी सर्वांना पाठ आहे. चढतात मात्र बहुतेक जण पहिलीच पायरी. सेवांतर्गत प्रशिक्षणाला गेलेल्या कोणत्याही शिक्षकाला किंवा लिपिकाला हा अनुभव नवा नाही. शेवटच्या दिवशी चहापानापूर्वी एक छापील पत्रक हाती येते, व्याख्याने ‘उत्तम’, व्यवस्था ‘चांगली’, अशा खुणा करून ते परत दिले जाते आणि त्या खुणांच्या बेरजेवर प्रशिक्षण यशस्वी झाल्याचा अहवाल वर जातो. त्या शिक्षकाच्या वर्गातील मुले पुढच्या सहामाहीत अधिक चांगले वाचू लागली काय, किंवा त्या लिपिकाच्या टेबलावरून प्रकरणे लवकर निघू लागली काय, हे पाहायला कोणी फिरकत नाही. कारखान्यातील चित्र बहुधा याहून वेगळे नसते.

तुलनेवाचून मोजमाप नाही

समजा, एखादा कारखानदार चौथ्या पायरीपर्यंत गेला. वर्गापूर्वी शंभरामागे पाच नग नापास होत होते, वर्गानंतर चार होऊ लागले, असे त्याला आढळले. हा फरक शिक्षणाचा म्हणता येईल काय? दरम्यान कच्चा माल सुधारला असेल, नवा तपासनीस आला असेल, किंवा हंगामाची घाई संपून कामाला उसंत मिळाली असेल. यास्तव ज्यांना शिकवले नाही अशा, पण इतर सर्व बाबतींत सारख्या कामगारांची नोंद शेजारी असल्याखेरीज निष्कर्ष काढता येत नाही. दोन गटांची निवडही पर्यवेक्षकाच्या मर्जीवर सोडून चालत नाही. तो हुशार कामगारच वर्गाला पाठवील आणि मग हुशारीचे श्रेय शिक्षणाला मिळेल. निवड चिठ्ठ्या टाकूनच करावी लागते.

हे अव्यवहार्य नाही, याचा उत्तम पुरावा बंगळुरूमध्ये मिळाला. तेथील शाही एक्स्पोर्ट्स या कंपनीच्या पाच कपडे-कारखान्यांत अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत निषधाम या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३-१४ च्या सुमारास शिलाई कामगार स्त्रियांसाठीच्या एका शिक्षणक्रमाचा अभ्यास केला. संभाषण, वेळेचे नियोजन, अडचणी सोडवणे, पैशाचा हिशेब, आरोग्य आणि कायदेशीर हक्क असे विषय त्यात होते. आठवड्याला दोन तास याप्रमाणे एकूण सुमारे ८० तासांचे हे शिक्षण होते. इच्छुक स्त्रिया जागांपेक्षा अधिक असल्याने प्रवेश सोडतीने दिला गेला, आणि सोडतीत नाव न निघालेल्या स्त्रियांचा गट आपोआप तुलनेसाठी तयार झाला. कपड्यांच्या कारखान्यात प्रत्येकीच्या कामाची नोंद रोजच होत असल्याने आकडेही हाताशी होते. शिक्षणक्रम संपल्यावर शिकलेल्या स्त्रियांची उत्पादकता न शिकलेल्यांपेक्षा १३.५ टक्क्यांनी अधिक भरली. त्यांच्या रांगेत बसणाऱ्या, पण स्वतः न शिकलेल्या स्त्रियांच्या कामातही सुधारणा दिसली. शिक्षणक्रम संपून आठ महिने झाले तेव्हा कंपनीला सर्व खर्च वजा जाता मिळालेला परतावा अडीचशे टक्क्यांहून अधिक होता. इतका परतावा देणारी यंत्रे बाजारात फारशी मिळत नाहीत.

परतावा सर्वत्र इतका मोठा असेल असे मात्र समजू नये. कॅनडातील ८८ हॉटेल-व्यवसायांत अशाच सोडतीच्या पद्धतीने वाचन, संभाषण आदी आवश्यक कौशल्यांच्या सुमारे ४० तासांच्या शिक्षणाची परीक्षा घेण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात मालकांचा सरासरी परतावा २३ टक्के सांगितला आहे. इंग्लंडमध्ये ॲलिसन वुल्फ आणि कॅरन इव्हान्स यांनी कामाच्या जागी चालणाऱ्या साक्षरता वर्गांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा थोड्या तासांच्या अशा वर्गांनी कामगारांच्या वाचनात फारशी प्रगती होत नसल्याचे दिसले. ज्यांना कामात प्रत्यक्ष वाचावे-लिहावे लागत होते, त्यांचीच प्रगती पुढे चालू राहिली. मोटोरोलाचा अनुभवही असाच बोलका आहे. जेथे कामगारांनी सर्व शिक्षण घेतले आणि वरिष्ठांनीही आपली कामाची रीत त्यानुसार बदलली, तेथे एका डॉलरमागे ३३ डॉलर परत आले. जेथे शिक्षण अर्धेमुर्धे झाले तेथे जेमतेम खर्च भरून निघाला. आणि जेथे शिकवून झाल्यावर वरिष्ठ पूर्वीसारखेच वागत राहिले, तेथे तोटा झाला, असा त्या कंपनीचा हिशेब होता. हे आकडे कंपनीने स्वतःच काढलेले असल्याने ते जपूनच घ्यावेत. परंतु त्यातील मर्म नाकारता येत नाही. कामगाराला प्रश्न विचारायला शिकवले आणि प्रश्न विचारताच त्याला गप्प बसवले, तर शिकवणीचे पैसे वाया जाणारच.

हिशेब कसा मांडावा?

लहान कारखानदाराला अर्थशास्त्रज्ञ परवडणार नाहीत, परंतु एवढा हिशेब त्याच्या मुनीमालाही जमण्यासारखा आहे. समजा, एका कारखान्याने ४० कामगारांना कामाच्या वेळेत प्रत्येकी ६० तास शिकवायचे ठरवले. एकूण २४०० तास झाले. तासाला ७५ रुपये मजुरी धरली तर त्या वेळेची मजुरी एक लाख ८० हजार रुपये होते. त्या वेळात न झालेल्या उत्पादनावरील नफा तासाला २५ रुपये धरून आणखी ६० हजार. वीस-वीस जणांचे दोन वर्ग केले तर शिक्षकाचे १२० तास होतात. तासाला ५०० रुपये या दराने त्याचे ६० हजार. पाट्या, पुस्तके, दिवाबत्ती यांचे २० हजार. एकूण खर्च तीन लाख २० हजार रुपये. येथेच पहिली गोष्ट लक्षात येते: शिक्षकाला दिलेली रक्कम एकूण खर्चाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. खरा खर्च वेळेचा आहे, आणि खर्चपत्रकात नेमका तोच बहुधा लिहिलेला नसतो.

आता लाभ पाहू. महिन्याला ४० हजार नग तयार होतात आणि एक नग नापास झाला की ८० रुपये बुडतात, असे धरले. नापासाचे प्रमाण शंभरी पाचावरून चारावर आले तर महिन्याला ४०० नग, म्हणजे ३२ हजार रुपये वाचतात, आणि दहा महिन्यांत खर्च भरून निघतो. परंतु न शिकवलेल्या गटातही याच काळात नापासाचे प्रमाण अर्ध्याने घटून साडेचारावर आले असेल, तर शिक्षणाचे श्रेय उरलेल्या अर्ध्याचेच. मग वाचणारी रक्कम १६ हजार ठरते आणि खर्च भरून यायला वीस महिने लागतात. त्या वीस महिन्यांत कामगार टिकले नाहीत, तर हिशेब आणखी लांबतो. ही आकडेवारी उदाहरणादाखल घेतलेली आहे, पण तिच्यातील धडा खरा आहे. तुलनेचा गट न ठेवणारा कारखानदार लाभ दुप्पट सांगण्याचा धोका पत्करतो, आणि वेळेची किंमत न धरणारा खर्च निम्म्याहून कमी सांगतो. दोन्ही चुका एकत्र झाल्या की प्रशिक्षणाच्या जाहिरातीत छापण्याजोगे आकडे तयार होतात.

शिकून सोडून गेला तर?

कारखानदाराची खरी भीती याच प्रश्नात आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ साली ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात या भीतीला तर्कशुद्ध रूप दिले. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडते त्याची किंमत कामगाराला बाजारात पूर्ण मिळेल. म्हणून त्याचा खर्च मालक करणार नाही, कामगारानेच कमी वेतन घेऊन तो सोसावा लागेल, असे त्यांचे म्हणणे. वाचन आणि गणित यांहून सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य कोणते? या सिद्धान्ताप्रमाणे कोणत्याही मालकाने कामगाराला वाचायला शिकवू नये.

प्रत्यक्षातील श्रमाचा बाजार मात्र इतका मोकळा नसतो. दुसऱ्या कारखान्यात काय मिळते हे कामगाराला ठाऊक नसते, घर आणि मुलांची शाळा सोडून जाणे सोपे नसते, आणि आपण काय शिकलो हे नव्या मालकाला पटवून देण्याचे साधनही त्याच्याजवळ नसते. अशा बाजारात उत्पादकता जितकी वाढते तितके वेतन वाढत नाही आणि मधला फरक मालकाकडे राहतो. म्हणूनच सर्वसाधारण शिक्षण देणेही त्याला परवडते, हे दारॉन असेमोग्लू आणि यॉर्न-स्टेफेन पिश्के यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. बंगळुरूच्या आकड्यांनी त्याला पुष्टीच दिली. शिकलेल्या स्त्रिया न शिकलेल्यांपेक्षा अधिक संख्येने नोकरी सोडून गेल्या नाहीत. त्यांची उत्पादकता १३.५ टक्क्यांनी वाढली होती. वेतन वाढले अवघ्या अर्ध्या टक्क्याने.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की मोजमापाचा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. कारखानदाराच्या भीतीला ते उत्तर देतात. पण त्याच वेळी कामगाराच्या वतीने एक प्रश्नही विचारतात. शिकण्याचे कष्ट ज्या स्त्रीने घेतले, घरची कामे आटोपून जिने नवे धडे गिरवले, तिच्या वाट्याला वाढीव उत्पन्नाचा इतका अल्प अंश का यावा? मालकाचा परतावा अडीचशे टक्के असताना त्यातील काही भाग वेतनवाढीच्या रूपाने दिला, तरी शिक्षण मालकाला फायद्याचेच राहील. किंबहुना शिकल्याने पगार वाढतो असे दिसले, तर पुढच्या वर्गाला कामगार आपणहून येतील. वेतनकराराच्या वाटाघाटींत कामगार संघटना महागाई आणि बोनस यांचे आकडे घेऊन बसतात; शिक्षणाने वाढलेल्या उत्पादकतेचा आकडाही त्यांनी मागितला पाहिजे. तो मोजलाच गेला नाही, तर त्यात वाटा मागण्याचा मार्गही उरत नाही.

मग मालक हे का करीत नाहीत?

परतावा इतका असेल तर प्रत्येक कारखान्यात वर्ग का भरत नाहीत, ही शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर मुंबईच्या परिसरातच मिळाले आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव भागातील १७ वस्त्रोद्योग कंपन्यांच्या २८ कारखान्यांचा अभ्यास केला. त्यांतील काहींना व्यवस्थापनाचा सल्ला विनामूल्य देण्यात आला. दोषांची रोज नोंद ठेवणे, यंत्रांची वेळेवर देखभाल करणे, सुताचा साठा नीट लावणे, अशा साध्या गोष्टींनी पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांच्या २०१३ च्या निबंधात नमूद आहे. मालकांनी या गोष्टी आधी का केल्या नव्हत्या? कित्येकांना त्या ठाऊक नव्हत्या, आणि ज्यांना ठाऊक होत्या त्यांना त्यातून लाभ होईल असे वाटत नव्हते. पायाभूत शिक्षणाचेही तसेच असावे. जे मोजले नाही त्याच्या लाभावर विश्वास बसत नाही, आणि विश्वास नसल्याने ते मोजण्याचा प्रसंग येत नाही.

हे दुष्टचक्र तोडण्यासाठी सरकारने सरसकट अनुदान द्यावे काय? इंग्लंडने २००६ साली ‘ट्रेन टू गेन’ नावाची योजना काढून मालकांना कामगारांच्या शिक्षणासाठी पैसे दिले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००९ साली तपासणी केली, तेव्हा ज्यांच्या कामगारांना शिक्षण मिळाले त्यांतील निम्मे मालक अनुदान नसते तरी तसेच शिक्षण देणार होते, असे आढळले. पुढच्याच वर्षी ती योजना बंद करण्याचा निर्णय झाला. जे काम मालक स्वतःच्या फायद्यासाठी करणारच आहे त्याला सरकारी तिजोरीतून पैसे देणे म्हणजे करदात्याच्या पैशाने त्याचा नफा वाढवणे होय.

यावरून धोरणाची दिशा पुरेशी स्पष्ट होते. मोठ्या कारखान्यांनी आपला खर्च आपणच करावा. सरकारने त्यांच्याकडून अनुदानाच्या मोबदल्यात नव्हे, तर नियमाने, शिक्षणाचे तास आणि त्याचे परिणाम यांची नोंद मागावी. सरकारी पैसा जावा तो ज्यांना स्वतंत्र वर्ग परवडत नाही अशा दहा-वीस कामगारांच्या लहान कारखान्यांकडे आणि कंत्राटी कामगारांकडे, ज्यांना शिकवण्यात कोणत्याच मालकाला स्वारस्य नसते. एका औद्योगिक वसाहतीतील अनेक लहान कारखान्यांनी मिळून एक वर्ग चालवावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. औद्योगिक कामगारांसाठी देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ मुंबईतच १९६७ साली निघाले. साक्षरता आणि व्यवसायशिक्षण यांची सांगड घालणे हाच त्याचा उद्देश होता. पुढे अशा संस्थांना जनशिक्षण संस्थान हे नाव मिळाले. कामगार शिक्षणाच्या केंद्रीय मंडळाची स्थापनाही १९५८ सालची आणि त्याचे मुख्यालय नागपूरला. संस्था आहेत, अनुभव आहे. प्रत्येक वर्गाबरोबर तुलनेचा एक गट ठेवण्याची सक्ती तेवढी व्हायला हवी. जागांपेक्षा अर्ज अधिक आले की सोडत काढावी लागतेच. त्या सोडतीची नोंद जपून ठेवायला वेगळा खर्च येत नाही.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे. मालकाच्या वहीत उमटणारा लाभ हा या शिक्षणाचा एक भाग झाला. पगाराच्या चिठ्ठीतील कपात ज्याला वाचता येते, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब जो पडताळू शकतो, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर जो वाचून सही करतो, त्याच्या आयुष्यातला फरक कोणत्याही उत्पादन-तक्त्यात येणार नाही. कदाचित तो वाचता येऊ लागल्यानेच मालकाला अडचणीचे प्रश्नही विचारू लागेल. म्हणून मालकाचा परतावा कमी भरला एवढ्यावरून शिक्षण निरुपयोगी ठरत नाही. त्या शिक्षणाचा भार मालकावर न टाकता समाजाने उचलावा, एवढेच त्यावरून ठरते. कोणता भार कोणाचा हे ठरवण्यासाठीच मोजमाप हवे.

यंत्राची किंमत वहीत असते, कारण कोणीतरी ती लिहितो. कामगाराच्या शिक्षणाचा लाभ जोवर कोणी लिहून ठेवीत नाही, तोवर प्रत्येक मंदीत त्या वर्गाला कुलूप लागत राहील, आणि जिचे काम १३.५ टक्क्यांनी वाढले तिने अर्ध्या टक्क्याच्या वाढीवर समाधान मानावे असेच सर्वांना वाटत राहील.